सरकता बांध

डोंबिवलीत राहून निसर्गचित्रं काढायची तर पहिली अडचण निसर्गाची येते. आमच्या गच्चीवरून चारी दिशांना दुसऱ्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या दिसत. टाकी हा विषय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पस्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठी बघत बसलेल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात थोडं क्षितिज बघावंसं वाटतं.

गोष्ट एक्याण्णव सालची. ठाण्याच्या ग्रंथालयातून मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तेव्हा सहकाऱ्यांनी मला छत्तीस रंगांची पेस्टल खडूंची पेटी भेट दिली. का दिली हे विचारायचा धीर मला झाला नाही. मागाहून कळलं की बालविभागाच्या स्पर्धेला तीनच मुलं आली होती, म्हणून हे चौथं बक्षीस शिल्लक राहिलं होतं. त्याच आठवड्यात बाद झालेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला पेस्टलने निसर्गचित्रं काढण्याविषयीचं एका इंग्रज साहेबाचं पुस्तक सापडलं. पहिली बारा पानं वाळवीने वाचून टाकली होती. तेराव्या पानावर साहेब म्हणत होता : एकच जागा निवडा, रोज एकाच वेळी तिथे बसा आणि चाळीस दिवस तेच चित्र काढा. एकेचाळिसाव्या दिवशी तुमचा हात आणि तुमचा डोळा यांची मैत्री झालेली असेल.

माझी कोणाशीच चटकन मैत्री होत नाही. तरी मी ठरवलं.

"किती दिवस?" आमच्या कलावतीबाईंनी पेटीकडे बघत विचारलं. पत्नीला मी मनातल्या मनात बाई म्हणतो. तोंडाने म्हणायची हिंमत नाही.

"चाळीस."

"बासरी अकरा दिवस टिकली होती."

"तेव्हा शेजारी आडवे आले."

"आणि उर्दूच्या वेळी?"

उर्दूच्या वेळी कोणी आडवं आलं नव्हतं. आमच्या कपाटाचा खालचा खण म्हणजे माझ्या संकल्पांचं स्मशान आहे. त्यात बासरी आहे, होमिओपॅथीची पेटी आहे, उर्दूची अंकलिपी आहे आणि अर्धा विणलेला आरामखुर्चीचा वेत आहे.

कलावतीने हॉलमधल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर कॅलेंडर होतं आणि त्यावर गॅसचा सिलिंडर कधी लागला त्या तारखांना गोल केलेले होते. "हे बघा. चाळीस दिवस पुरे करा. आणि एका तरी माणसाने, तुम्ही न सांगता, चित्र बघून जागा ओळखली पाहिजे. मग हे कॅलेंडर मी माझ्या हाताने काढीन आणि तिथे तुमचं चित्र लावीन."

साठीच्या माणसाने एका खिळ्यासाठी जीव टाकावा का? टाकू नये. पण त्या घरातला एकही खिळा आजवर माझ्यासाठी ठोकलेला नव्हता.

जागा मला खाडीच्या अंगाला सापडली. पश्चिमेला रस्ता संपतो तिथे एक आगरी पाडा होता. त्याच्या मागे भाताची खाचरं, पलीकडे तिवरांची हिरवी रेघ आणि मग खाडीचं पाणी. दोन खाचरांच्या मधून मातीचा एक बांध तिवरांकडे गेला होता आणि बांधाजवळ भेंडीचं, भाजीच्या नव्हे तर पिवळ्या फुलांच्या मोठ्या भेंडीचं, एक झाड एकटंच उभं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी घडीचं स्टूल टाकून तिथे बसलो.

पहिल्याच दिवशी रचनेचा प्रश्न आला. साहेब सांगतो की चित्रातली रेघ बघणाऱ्याचं बोट धरून त्याला मुख्य वस्तूकडे न्यायला हवी. बांध ही माझी रेघ आणि झाड ही मुख्य वस्तू. पण बांध झाडापर्यंत जातच नव्हता. दोन हात अलीकडून, ओळख नसल्यासारखा निघून जात होता. साहेबाने चित्रकाराला थोडी सवलत दिलेली आहे. मी बांध किंचित वळवला आणि झाडाच्या बुंध्याला नेऊन टेकवला. चित्र बरं दिसू लागलं. घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागलं. ग्रंथपालाने पुस्तक भलत्या फळीवर ठेवून घरी यावं, तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून जसं दिसेल तसंच काढायचं, असं मी स्वतःला बजावलं.

जुनी सवय म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे मी दाखल क्रमांक, तारीख, वार, वेळ आणि हवामान लिहीत असे. आमच्या ग्रंथालयात याशिवाय कागद आत येत नसे आणि बाहेरही जात नसे. या सवयीने पुढे काय करावं, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी निदान वार तरी लिहिला नसता.

तिसऱ्या दिवशी माझ्यामागे कोणीतरी उभं असल्याची जाणीव झाली. मी एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्याने झाडाची उंची मापत होतो. साहेबाच्या पुस्तकात हे अठराव्या पानावर आहे.

"काय मोजता, काका?"

मागे पांढरं बनियन घातलेले एक जाडजूड गृहस्थ होते. हे गुणाजी. डावीकडचं, झाडाच्या बाजूचं खाचर त्यांचं.

"मोजत नाही हो. चित्र काढतोय."

"हां, हां," गुणाजी समजूतदारपणे म्हणाले. "नकाशा."

"नकाशा नाही, चित्र. रंगीत."

"आता रंगीतच असतंय सगलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "रस्ता कनच्या बाजूनं जाणार?"

त्या काळी तिकडे जमिनीकडे टक लावून बघणारा माणूस एक तर बिल्डरचा असे, नाही तर सरकारचा. नुसतं बघायचं म्हणून बघणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण अनोळखी माणसाशी बोलताना माझं वाक्य मध्येच विरतं. त्या विरण्याला गुणाजींनी सरकारी गुप्तता मानलं. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलाशेजारी पांढऱ्या कांद्यांची माळ ठेवलेली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या, खाडीकडच्या खाचराचे मालक आले. हे भिवाजी, गुणाजींचे धाकटे भाऊ. दोघांत पाच वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "दादानं कांदं दिलं ना? आमाना कलतंय सगलं. तुमी फक्त खरं तेच काढा, काका."

मी घरी कांदे आणि शेंगा घेऊन गेलो. "चित्रकार मंडई करून आले," कलावती म्हणाली. तरी वालाचं बिरडं झकास झालं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

इकडे घरी वेगळेच प्रश्न होते. पेस्टलची भुकटी कागदावर राहत नाही. ती नाकात जाते, उशीवर जाते, एकदा तर वरणातही गेली; पण कागदावर राहत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे शिवरामपंत एका कारखान्यात आराखडे काढून निवृत्त झालेले. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एक उपाय असे आणि तो ते जिना उतरून देत असत.

"पातळ दूध फवारा," ते म्हणाले. "जुने कलावंत तेच करायचे."

मी दूध फवारलं. सकाळी दाखल क्रमांक सहावर मुंग्यांची रांग लागली होती. तिवरं त्यांना विशेष आवडली असावीत.

"मग राळ आणा आणि स्पिरिटात विरघळवा."

राळ मिळाली. स्पिरिटसाठी औषधांच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने मला नखशिखांत न्याहाळलं. "कशाला पाहिजे?" मी म्हणालो, "चित्रावर फुंकायला." तो म्हणाला, "बरेच जण असंच काहीतरी सांगतात, आजोबा." त्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मागे रांगेत आमच्या सोसायटीच्या तीन महिला होत्या. त्या आठवड्यात गच्चीवरच्या हळदीकुंकवाला कलावतीकडे सगळ्यांनी फार सहानुभूतीने पाहिलं म्हणतात.

शेवटी मी चित्रांवर वर्तमानपत्र ठेवून ती गादीखाली घालू लागलो. शिवरामपंत रोज संध्याकाळी ती काढून जमिनीवर ओळीने मांडत आणि पट्टीने तपासत. विसाव्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ग्रंथपाल, तुमचा बांध सरकतोय."

"म्हणजे?"

"सातव्या चित्रात झाडापासून तीन बोटं. दहाव्यात चार. तेराव्यात पुन्हा अडीच. सोळाव्यात चार. ही काय रेघ आहे की गांडूळ?"

मी पाहिलं. खरं होतं. माझा बांध कधी खाडीकडे झुके, कधी झाडाकडे. बासरीच्या वेळी निदान सूर लागत नाही हे कळत तरी होतं. इथे मला जे दिसत होतं तेच मी काढत होतो. म्हणजे दोष हाताचा नव्हता, डोळ्याचा होता. किंवा त्याच्याही मागचा.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सगळी अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "नजर उत्तम आहे. तक्रार काय?"

"डॉक्टर, मला स्थिर वस्तू सरकताना दिसतात."

"कोणती वस्तू?"

"बांध."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "फक्त बांध?"

"हो. झाड जागेवर असतं."

डॉक्टरांनी फी घेतली नाही. त्याने मी जास्त घाबरलो. कलावतीने त्या दिवसापासून माझ्या टाळूवर ब्राह्मी तेल थापायला सुरुवात केली आणि खिळ्याचा विषय काढणं बंद केलं. ती माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. लग्नाच्या पस्तीस वर्षांत मला एवढं अपमानित कधी वाटलं नव्हतं.

तरी मी सोडलं नाही. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. सोडलं असतं तर ती "बरं केलंत" म्हणाली असती, आणि ते मला ऐकवलं नसतं.

तिसाव्या दिवशी तलाठ्याच्या कचेरीतून निरोप आला. खासगी इसम विनापरवाना मोजणी करतो, अशी तोंडी तक्रार आली होती. मी पेटी आणि पुस्तक घेऊन हजर झालो.

"मोजणीचा आदेश?" तलाठी म्हणाले.

"मी छंद म्हणून..."

"छंद म्हणून मोजणी करता येत नाही."

"चित्र काढतो."

"गट नंबर टाकता?"

"दाखल क्रमांक टाकतो."

"म्हणजे नोंद ठेवता!" त्यांनी चित्र हातात घेतलं, आडवं धरलं, उभं धरलं. "हा उंट कशाला काढला?"

"भेंडी आहे ती."

तलाठ्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला : 'मी सदर ठिकाणी फक्त बघत असतो व बघितलेले कागदावर उतरवतो. सदर उतरवण्याशी जमिनीचा संबंध नाही.' असा अर्ज कुठल्या फाइलला लावायचा हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी तो मलाच परत दिला आणि जपून ठेवायला सांगितलं. घरी येताना मी मनाशी मोजलं. कलावतीला ते आमलेट वाटलं होतं, शिवरामपंतांना अपघात, तलाठ्यांना उंट. तीस दिवसांत एकाही माणसाने ती जागा ओळखली नव्हती.

आणि अडतिसाव्या दिवशी सकाळी बांधावरच मारामारी जुंपली. मी स्टूल टाकायला गेलो तर गुणाजी आणि भिवाजी एकमेकांची बनियनं धरून उभे होते. "बांध तू सरकवलास!" "मी? मी कं तू?" आजूबाजूला सगळा पाडा. मी हळूच मागे फिरणार, एवढ्यात भिवाजींनी मला पाहिलं.

"ते बगा, काका! काकांकडं रोजचं हाय! तारीखवार!"

तासाभरात घरच्या गादीखालची माझी सदतीस चित्रं गावदेवीच्या ओट्यावर दगड ठेवून ओळीने मांडली गेली. मध्ये पाड्याचे म्हातारे कारभारी राघो पाटील बसले, बाजूला त्या दोघांची आई आवडाबाई. त्या काही बोलत नव्हत्या. मांडीवर हात ठेवून चित्रांकडे बघत होत्या.

आणि मग ते घडलं. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "अगो बाय, ही तर आपली भेंडी! ती बग, मोडलेली फांदी!" दुसरा म्हणाला, "आनि या दिशी खाडी भरलेली व्हती. लिवलंय बी." कोणी तिवरांतली वाट ओळखली, कोणी वाळत घातलेलं जाळं ओळखलं. चाळीस माणसं माझ्या चित्रांवर वाकली होती आणि त्यातल्या एकालाही उंट दिसत नव्हता. मी ओट्याचा खांब धरला.

राघो पाटलांनी पहिल्या चित्रावर काठी ठेवली. "ह्या दिशी बांध झाडाला टेकलाय." मग दुसऱ्यावर. "आनि दुसऱ्या दिशी दोन हात लांब. गुनाजी, एका रातीत दोन हात?"

ती माझी सवलत! साहेबाची रचना!

"खोटं हाय!" गुणाजी ओरडले. "पयल्या आठवड्यात मी हात पन लावला नवता!"

राघो पाटलांनी सावकाश विचारलं, "मंग कंच्या आठवड्यात लावलास?"

भिवाजी खो खो हसू लागले. पाटलांची काठी पुढे सरकली. "हसू नको, भिवा. सोमवारी बांध खाडीकडं जातोय, शुक्करवारी झाडाकडं येतोय. सोमवारी तू बाजारात मासली इकायला असतोस. शुक्करवारी दादा तुजा कल्यानला असतोय. काकांनी वार लिवलेत." भिवाजींचं हसणं बंद झालं. दोघे भाऊ बांधाची डागडुजी करायच्या निमित्ताने, आलटून पालटून, एका बाजूची माती कापून दुसऱ्या बाजूला थापत होते, आणि मी गेले दोन-अडीच आठवडे टाळूवर ब्राह्मी तेल थापून घेत होतो!

दोघांना एकदम एकच गोष्ट सुचली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. "काकांना चित्र काढताच येत नाय!"

राघो पाटील माझ्याकडे वळले. "काका, एक बोला. तुमाना चित्र काढता येतं का नाय?"

आता बघा. खरं सांगायचं म्हणजे पहिल्या चित्रातला बांध मी स्वतः वळवला होता, हे सांगायचं. ते सांगितलं तर चित्रं खोटी ठरणार, भांडण पुन्हा सुरू होणार, आणि चाळीस माणसांनी ओळखलेली माझी भेंडी पुन्हा उंट होणार. आयुष्यभर मला कोणीही काही विचारलं की मी "तसं नाही म्हणजे..." अशी सुरुवात करत आलो. त्या दिवशीही मी तसंच तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं :

"येतं."

मी स्वतःच दचकलो.

"झालं तर मंग," पाटील म्हणाले. "कोनीबी हात लावला नवता तवाचं पयलं चित्र. त्याच्याबरहुकूम बांध घालायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भाऊ फावडी घेऊन खाचरात उतरले. मी स्टुलावर दाखल क्रमांक एक धरून बसलो होतो. "काका, बराबर?" "थोडा डावीकडे," मी म्हणायचो. माती पडायची. "अजून थोडा. हां, आता बुंध्याकडे वळवा." जगातल्या चित्रकारांनी निसर्गाबरहुकूम चित्र काढलं. चित्राबरहुकूम निसर्ग करून घेणारा मीच एक असेन. दुपारपर्यंत बांध झाडाच्या बुंध्याला टेकला आणि मला शरमेने मान वर करवेना.

भाऊ गेल्यावर मी आवडाबाईंकडे गेलो. त्या झाडाखाली बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं : साहेब, रचना, मुख्य वस्तू, बोट धरणारी रेघ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बांध दोन हात पल्याड व्हता. माज्या डोक्यावरनं चिखलाच्या पाट्या नेल्यात मी."

"मग तुम्ही काल बोलला का नाही?"

"आई बोलली का बोंब होते, ह्याची बाजू घेतली, त्याची घेतली. कागदाला पोरं नाय, त्याचं आयकतात." त्यांनी खाडीकडे पाहिलं. "आनि भिवाचं शेत खालच्या अंगाला. खारं पानी पयलं त्यालाच लागतं. दोन हात त्याच्याकडं गेलं तं काय वाईट? आज दोघं एका तांब्यातनं पानी प्याले. तू आता गप ऱ्हा." मग हात पुढे केला. "त्यो पयला कागद मना दे. देवाजवल लावीन."

मी दिला.

चाळिसाव्या दिवशी कलावती माझ्याबरोबर आली. नवरा रोज कुठे बसतो ते बघायला, असं म्हणाली. खरं म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. मी शेवटचं चित्र काढलं. कागदावर बांध थेट झाडाकडे गेला होता आणि समोरही बांध थेट झाडाकडे गेला होता. तिने चित्र हातात घेतलं, समोर धरलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अगंबाई," ती म्हणाली. "अगदी हुबेहूब आहे की हो! ती रेघ कशी नेमकी झाडाकडे जाते. तुम्हाला बरं दिसलं ते!"

मी काहीतरी बोलणार होतो. "तसं नाही, म्हणजे..." इथपर्यंत आलोही होतो. पण समोर नव्या मातीचा तो बांध रचनेच्या दृष्टीने इतका योग्य जागी होता, आणि आवडाबाईंनी सांगितलंच होतं.

कॅलेंडर आता स्वयंपाकघरात असतं.